किल्ल्यातला तुरुंग ते तळोजा कारागृह

नवी मुंबईत खारघरजवळचे तळोजा मध्यवर्ती कारागृह २००८ मध्ये सुरू झाले. त्याची अधिकृत क्षमता २,१२४ बंद्यांची. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात जागा ८०४ जणांची आणि आत त्याच्या तिपटीहून जास्त माणसे, अशी वर्षानुवर्षांची स्थिती होती. ठाण्याचे कारागृहही भरून वाहत होते. हा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे मोकळ्या जमिनीवर नवी इमारत बांधली गेली. इमारतीचा प्रश्न काही प्रमाणात सुटला. ती चालवणाऱ्या माणसांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न मात्र त्याहून जुना आहे आणि तो अजून सुटलेला नाही.

तळोज्याच्या आधी या पट्ट्याला जवळचे दोन्ही तुरुंग किल्ल्यांत होते. अलिबागचा तुरुंग आंग्र्यांच्या हिराकोटात, तर ठाण्याचा पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेल्या किल्ल्यात. ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला, १७७४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला आणि एकोणिसाव्या शतकात तिथे तुरुंग झाला. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या वधाच्या खटल्यातील अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिली ती याच ठिकाणी. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी रचलेला तट माणसांना आत ठेवण्यासाठी वापरला गेला. उजेड, हवा, पाणी, आजाऱ्यांची सोय या गोष्टी त्या रचनेत मुळातच नव्हत्या.

इंग्रजी अमलात तुरुंगांची पहिली मोठी तपासणी १८३६ मध्ये नेमलेल्या समितीने केली. मेकॉले तिचा सदस्य होता. तिचा कल सुधारणेपेक्षा कडक शिस्तीकडे आणि धाकाकडे होता. पुढे १८९४ चा कारागृह कायदा आला आणि स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके देशातील तुरुंग त्याच चौकटीत चालले. अधीक्षक, जेलर, वैद्यकीय अधिकारी अशी पदे त्यात ठरली. कैद्यांमधूनच काहींना वॉर्डर नेमून इतरांवर देखरेख ठेवायला लावायची जुनी पद्धतही कायद्याने मान्य केली. सरकारला ती स्वस्त पडे, पण बराकीतली सत्ता त्यामुळे पगारी आणि जबाबदार नोकराच्या हातून सुटून वजनदार कैद्याकडे जाई. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील १९१९-२० च्या समितीने कैद्याची सुधारणा आणि पुनर्वसन हे तुरुंगाचे उद्दिष्ट म्हणून मांडले. त्यासाठी प्रशिक्षित आणि बऱ्या पगाराचे कर्मचारी हवेत, हेही तिने सांगितले.

याच काळातला महाराष्ट्राचा सर्वात धाडसी प्रयोग सरकारी समितीतून जन्मला नाही. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. मोठ्या शिक्षा झालेल्या कैद्यांना तिथे उघड्या माळावर शेती करायला ठेवण्यात आले. बंदूकधारी पहारा नाही, कुंपण नाही. संस्थानाचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा पाठिंबा आणि मॉरिस फ्रिडमन यांची कल्पना यांतून ही वसाहत उभी राहिली; व्ही. शांतारामांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा तीच. सगळ्याच बंद्यांना असे ठेवता येणार नाही हे खरे. पण कैदी पळून जाणार की राहणार, हे भिंतीच्या उंचीइतकेच सांभाळणाऱ्या माणसावरही ठरते, हे इथे मातीत काम करणाऱ्या माणसांनी सिद्ध केले.

मुंबई परिसरात पुढची मोठी हालचाल एका पत्रामुळे झाली. पत्रकार शीला बारसे यांनी मे १९८२ मध्ये मुंबईच्या कारागृहात पंधरा स्त्री-बंद्यांशी बोलून नोंदी केल्या; त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांचे पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना कारागृहात पाठवले. त्यांच्या अहवालातून आणखी एक गोष्ट समोर आली, ती म्हणजे या स्त्रियांना वकील मिळत नव्हता. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालाने स्त्रियांच्या कोठडीवर स्त्री शिपाई, न्यायाधीशांच्या अचानक भेटी आणि बंद्यांना कायदेविषयक मदत बंधनकारक केली. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० मध्ये सुरू झाला आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्ते तुरुंगात कामाला लागले.

न्या. आ. ना. मुल्ला समितीने १९८३ मध्ये अहवाल दिला. तुरुंग प्रशासनासाठी स्वतंत्र अखिल भारतीय सेवा असावी, ही तिची कळीची शिफारस होती. ती सेवा आजतागायत अस्तित्वात आलेली नाही. तुरुंग हा राज्यांचा विषय आहे. महाराष्ट्रात जेलर आणि शिपाई खात्याचे, पण वरचे प्रमुखपद पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्याचे, अशी व्यवस्था आहे. अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण येरवड्याच्या दौलतराव जाधव महाविद्यालयात होते. गिनती, झडती, कवायत हे शिकवावेच लागते. आजारी, वृद्ध किंवा खचलेल्या माणसाशी वागायचे कसे, हेही तितकेच शिकवावे लागते, आणि तिथेच उणीव राहते.

तळोज्यात ही उणीव दोन्ही बाजूंनी दिसली. जून २०१३ मध्ये तिथला बंदी, कुख्यात गुंड अबू सालेम याच्यावर कारागृहाच्या आतच गोळी झाडली गेली. चौकी-पहारा ओलांडून पिस्तूल आत पोचले होते. म्हणजे जिथे कडक असायला हवे तिथे ढिलाई होती. उलट बाजू २०२० मध्ये दिसली. करोनाच्या साथीत तळोज्याच्या नव्या बंद्यांना खारघरच्या गोखले शाळेत विलगीकरणासाठी ठेवले जाई. सहा वर्गखोल्यांत सुमारे साडेतीनशे माणसे आणि त्या सगळ्यांना तीन शौचालये, अशी तिथली अवस्था एल्गार परिषद खटल्यातील बंदी गौतम नवलखा यांनी सांगितली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तळोज्यात नवलखा यांचा चष्मा हरवला. चष्म्याशिवाय त्यांना जवळपास दिसत नव्हते. घरच्यांनी नवा चष्मा टपालाने पाठवला, पण कारागृहाने तो न स्वीकारल्याची तक्रार झाली. ८ डिसेंबर २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. एस. एस. शिंदे आणि न्या. एम. एस. कर्णिक यांच्या खंडपीठाने याची दखल घेतली. माणुसकी सर्वांत आधी, आणि आता तुरुंगाधिकाऱ्यांसाठीही कार्यशाळा घ्यायची वेळ आली आहे, असे मत खंडपीठाने नोंदवले. शंभर वर्षांपूर्वी कार्ड्यू समितीने सांगितले तेच एका चष्म्यामुळे पुन्हा सांगावे लागले.

कंपवाताने हात थरथरत असल्याने पेला धरता न येणारे ८३ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी त्याच खटल्यात याच कारागृहात होते. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हाही ते कच्चे कैदीच होते. खटल्याविषयी कोणाचे मत काहीही असो, पेल्याचा निर्णय कारागृहाच्या डॉक्टरने आणि जेलरने एका दिवसात घ्यायचा असतो. नियमपुस्तकात नाही म्हणून अडवून धरणे याला शिस्त म्हणता येत नाही.

अलीकडे बदल होत आहेत, हेही नोंदवले पाहिजे. करोनाकाळापासून दृक्‌श्राव्य मुलाखत सुरू झाली. बंद्यांच्या मुलांना आई-वडिलांना जवळ घेता यावे म्हणून ‘गळाभेट’ हा कार्यक्रम होतो. १ मे २०२२ पासून येरवड्यात ‘जिव्हाळा’ या योजनेतून राज्य सहकारी बँक बंद्यांना कर्ज देऊ लागली. केंद्राने २०२३ मध्ये १८९४ च्या कायद्याच्या जागी आदर्श कायद्याचा मसुदा राज्यांना पाठवला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगात जातीवरून कामे वाटण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली.

यातल्या बऱ्याच सुधारणांचा धक्का बाहेरून आला आहे. कधी पत्रकाराने, कधी समाजकार्यकर्त्याने, कधी न्यायाधीशाने तो दिला. कारागृहाच्या नियमांत अशासकीय अभ्यागतांची, म्हणजे आत जाऊन पाहणी करणाऱ्या सामान्य नागरिकांची, तरतूद आहे. नवी मुंबईत डॉक्टर, वकील, शिक्षक यांची कमतरता नाही. त्यांनी या कामासाठी आपली नावे पुढे करावीत आणि प्रशासनाने त्यांना आत येऊ द्यावे.