वेडा नाही, तरी रुग्ण

बलात्काराची बातमी आली की मराठी मथळ्यांत दोन शब्द हमखास उतरतात: 'माथेफिरू' आणि 'विकृत'. संताप ओकायला ते सोयीचे आहेत. पण असले कृत्य करणाऱ्याचे डोके ठिकाणावर नसणारच, हे निदानही त्यांत न तपासता उरकलेले असते. अमेरिकेने १९३७ पासून या समजुतीचा कायदाच करून पाहिला. तो इतिहास वाचताना माझे मत असे झाले, की त्या कायद्यांना आजाराशी फारसे कर्तव्य नव्हते. त्यांना रुग्णालयाचे कुलूप हवे होते, कारण तुरुंगाच्या कुलपाला मुदत असते.

सुरुवात मिशिगनने केली. १९३८ मध्ये इलिनॉय आणि १९३९ मध्ये कॅलिफोर्निया व मिनेसोटा त्याच वाटेने गेले. इलिनॉयच्या कायद्यातली व्याख्या मुळातून पाहण्यासारखी आहे. ज्याला किमान एक वर्ष मानसिक विकार आहे, जो लैंगिक गुन्ह्यांकडे झुकलेला आहे, आणि जो वेडा किंवा मतिमंद नाही, तो 'लैंगिक मनोविकृत'. म्हणजे स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर आजाराने ज्याचे भान सुटले आहे, त्याला कायद्याने स्वतःच दारातून परत पाठवले. उरलेल्यांना मात्र रुग्ण ठरवून, बरे होईपर्यंत, म्हणजे बेमुदत, कोंडण्याची सोय केली. मिनेसोटात तर त्यासाठी गुन्हा दाखल असण्याचीही गरज नव्हती, आणि १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. एडविन सदरलँड या समाजशास्त्रज्ञाने १९५० मध्ये या कायद्यांच्या प्रसाराचा माग काढला. त्याला सगळीकडे तोच क्रम दिसला: एखादा भीषण गुन्हा, वर्तमानपत्रांची आग, घाबरलेले शहर, मग समिती आणि समितीच्या हाती तयार मसुदा. 'मनोविकृत' म्हणजे नेमके कोण, हे ठरलेले नसतानाही कायदे होत गेले.

आयोवातल्या सू सिटीत हा क्रम जवळून पाहता येतो. तिथे १९५४ मध्ये एका लहान मुलाचा खून झाला, शहर हादरले आणि विधिमंडळाने घाईने असा कायदा केला; १९५५ मध्ये आणखी एका बालकाचा खून झाला. मग त्या कायद्याखाली सू सिटीतले वीस पुरुष माउंट प्लेझंटच्या सरकारी मनोरुग्णालयात कुलूपबंद झाले. त्यांच्यात केस कापणारे होते, दुकानांच्या काचेमागची आरास मांडणारे होते. त्यांच्यातल्या एकावरही त्या खुनांचा आरोप नव्हता. ते समलैंगिक होते, एवढेच. आणि समलैंगिकता अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या आजारांच्या यादीत १९७३ पर्यंत होतीच. काही महिन्यांनी माणसे सुटत गेली, पण कोणता आजार बरा झाला म्हणून सोडले, हे रुग्णालयाला तरी कसे सांगता आले असते?

यावर एक आक्षेप वजनदार आहे. गंभीर मानसिक आजार आणि लैंगिक गुन्हा यांचा संबंधच नाही, असे म्हणणे दुसऱ्या टोकाचे ठरेल. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींवरून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिक्षा झालेल्या आठ हजारांहून अधिक पुरुषांची इतरांशी तुलना केली होती. मनोरुग्णालयात दाखल झाल्याचा इतिहास गुन्हेगारांत सुमारे सहापट अधिक आढळला, आणि स्किझोफ्रेनिया व बायपोलर आजाराचे प्रमाणही वाढलेले होते. हे नाकारू नये. मात्र तोच अभ्यास उलट बाजूनेही वाचावा लागतो: सुमारे तीन चतुर्थांश गुन्हेगार कधीही मनोरुग्णालयात दाखल झालेले नव्हते. शिवाय 'दाखल होणे' यात दारू, अमली पदार्थ आणि व्यक्तिमत्त्वाचे दोषही येतात. उन्मादाच्या झटक्यात एखाद्याचा संयम सुटतो, हे खरे; पण तिथे उपाय ठाऊक आहे, औषध आणि पाठपुरावा. गंमत अशी, की उपचाराने खरोखर काही साधेल असा हाच रुग्ण, आणि 'वेडा नाही' या अटीने तोच बाहेर.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: नाव काहीही द्या, धोकादायक माणूस आत राहिला ना? पण त्यासाठी खटला चालवून मोठी शिक्षा देता येते. पुरावा आणि मुदत यांचा हिशेब मात्र न्यायालयात द्यावा लागतो. १९७० च्या दशकात बरेच जुने कायदे मोडीत निघाले, ते १९९० मध्ये वॉशिंग्टन राज्यातून नव्या रूपात परतले. आता शिक्षा आधी भोगायची आणि ती संपताना रुग्ण ठरायचे. कॅन्ससने त्यासाठी वापरलेला 'मानसिक असामान्यता' हा शब्द विधिमंडळाचा, डॉक्टरांचा नव्हे. मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने न्यायालयात त्याला विरोध केला, तरी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कॅन्ससचा कायदा राखला. मिनेसोटात अशा सातशेच्या वर माणसांना ठेवले गेले. तिथल्या मूस लेक गावातल्या काटेरी तारेमागच्या इमारतीतल्यांना कागदोपत्री कैदी नव्हे, रुग्ण म्हणतात. २०१५ मध्ये संघराज्याच्या न्यायाधीशाने हिशेब मागितला, तेव्हा वीस वर्षांत पूर्ण बरा म्हणून बिनशर्त सुटलेला एकही रुग्ण मिनेसोटाच्या त्या उपचार कार्यक्रमाला दाखवता आला नाही.