आधी माळी, मग इमारत

सार्वजनिक वनस्पती उद्यानात शिक्षण केंद्र करायचे म्हटले की आपल्याकडे आराखड्याचे पहिले पान जणू ठरलेलेच असते. भव्य प्रवेशद्वार, वातानुकूलित सभागृह, बोट लावताच बोलणारे पडदे, फायबरचे झाड, त्याच्या ढोलीत फायबरचेच घुबड आणि बाहेर सेल्फी पॉइंट. खरी झाडे शेवटच्या पानावर ‘लँडस्केपिंग’ या एका शब्दात उरकलेली असतात. अहिल्यानगर जिल्ह्यात असे उद्यान व्हावे आणि त्यात शिक्षण केंद्रही असावे, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच ही रूढ कल्पना वेळीच तपासून घेतली पाहिजे. एकदा स्लॅब पडला की तपासणीला अर्थ उरत नाही.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो, कारण तो मांडणारी माणसे अडाणी नाहीत. पहिला मुद्दा: आजची मुले झाडापाशी थांबत नाहीत, त्यांना खेचायला काहीतरी हलते-बोलते हवे. दुसरा: नगर हा दुष्काळी जिल्हा, इथे बाग जगवायलाच पाणी नाही, तेव्हा शिक्षण छपराखाली दिलेले बरे. तिसरा: जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यात सह्याद्री उभा आहे, खरे जंगल पाहायचे तर तिकडे जावे, लावलेल्या बागेचे कौतुक कशाला? चौथा मुद्दा व्यवहाराचा, आणि खरे तर सगळ्यांत वजनदार: निधी मिळतो तो बांधकामाला. माळ्याच्या पगाराला कोणी निधी देत नाही.

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करू. बागेला शिक्षणाची जोड नंतर द्यावी लागते, हे गृहीतकच इतिहासाला धरून नाही. इटलीतील पादुआ विद्यापीठाची वनस्पती बाग १५४५ सालची, आणि ती काढली गेली ती वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना खरी औषधी आणि तिच्या नावाखाली खपणारी भलतीच वनस्पती यांतला फरक कळावा म्हणून. पुस्तकातले वर्णन पुरेना, तेव्हा विद्यार्थ्याला वाफ्यापाशी उभे केले. म्हणजे या बागा जन्मल्या त्याच शिक्षण केंद्रे म्हणून. आपल्याकडेही आयुर्वेद महाविद्यालयाला वनौषधी उद्यान ठेवावेच लागते, ते याच कारणाने. ज्या नगर शहरात गंगाधरशास्त्री गुणे यांनी औषधी गुणधर्मशास्त्रावर ग्रंथ लिहिला आणि आयुर्वेदाच्या शिक्षणाचा पाया घातला, तिथे तरी हे पुन्हा सांगावे लागू नये.

राहिला मुलांच्या कंटाळ्याचा प्रश्न. मुले झाडाला कंटाळत नाहीत, ती पाटीला कंटाळतात. लॅटिन नाव, कुळ, उपयोग: ‘औषधी’. एवढे वाचून कोण थांबेल? त्याऐवजी तीन झाडे जवळजवळ लावा: बाभूळ, हिवर आणि वेडी बाभूळ. तिन्ही काटेरी, तिन्ही बारीक पानांची, बसच्या खिडकीतून तिन्ही सारखीच. आता मुलाला खोडावर हात ठेवायला सांगा. बाभळीची साल काळपट, खोल भेगांची. हिवराची फिकट, पिवळसर पांढरी. बाभळीचे फूल म्हणजे पिवळा गोंडा, हिवराला मळकट पांढऱ्या गोंड्यांचे मोठे घोस, तर वेड्या बाभळीला सुरवंटासारखा लांब तुरा. बाभळीची शेंग मण्यांच्या माळेसारखी ठिकठिकाणी आवळलेली, हिवराची चपटी आणि किंचित वाकडी. यातली पहिली दोन इथलीच, तिसरी अमेरिकेतून आणलेली आणि मग गावोगावच्या पडीक रानात मोकाट सुटलेली. इतके पाहायला अर्धा तास लागतो, आणि त्यात निरीक्षण, वर्गीकरण, स्थानिक जाती आणि परकी आक्रमक जाती असे चार धडे होऊन जातात. विशेष म्हणजे या तासाला वर्गात मागच्या बाकावर बसणारा मेंढपाळाचा मुलगा बहुधा पहिला येतो. कोणती शेंग शेळी आधी खाते, हे त्याला ठाऊक असते. त्याला जे येते त्याचे मोल बोलक्या पडद्यापुढे होत नाही, तिथे तोही इतरांसारखाच प्रेक्षक होतो.

दुसरा मुद्दा दुष्काळाचा. इथे पूर्वपक्ष बागेची व्याख्याच चुकीची धरतो. बाग म्हणजे हिरवळ, कारंजे आणि हंगामी फुलांचे ताटवे असे मानले तर पाणी नाही, हे खरेच. पण वनस्पती उद्यानाने हे सगळे मिरवावे असा नियम कुठे आहे? हिवर, खैर, धावडा, बोर, आपटा, तरवड, नेपती, हेंकळ ही या माळरानाची माणसे. पहिली दोन-तीन वर्षे जपली की पुढे ती आपल्या हिमतीवर उभी राहतात. त्यांच्याखाली पवन्या, मारवेल आणि कुसळी गवत. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य, क्षेत्र अवघे दोन चौरस किलोमीटरच्या आसपास. ते टिकून आहे ते याच गवताच्या आणि खुरट्या झाडांच्या जोरावर. तरीही गवताळ रान म्हणजे ओसाड जमीन, असे आपण मुलांना नकळत शिकवतो आणि मग त्यावर गिरिपुष्प लावून वनमहोत्सव साजरा करतो. हा गैरसमज ज्या केंद्रात दूर होईल ते केंद्र दुष्काळी भागातच हवे. पाऊस कमी पडणे ही तिथल्या शिक्षणातली अडचण नसून तिथला मुख्य विषय आहे.

या बाबतीत नगरला एक नामवंत साक्षीदारही आहे. १९४२ ते १९४५ या काळात भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध असताना पंडित नेहरूंनी अंगणात बाग केली. जमीन निकस, दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या राडारोड्याने भरलेली. खणता खणता जुन्या भिंतींचे अवशेष हाती लागत, आणि त्या खणण्यावरूनच त्यांचे मन इतिहासाकडे वळत असे. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ याच किल्ल्यात लिहिले गेले. नगरच्या निकस मातीत कुदळ मारणे आणि शिकणे या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, याचा याहून प्रसिद्ध दाखला मला तरी ठाऊक नाही.

तिसरा मुद्दा: जंगल असताना बाग कशाला? नगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुक्यांचा, सतरा हजार चौरस किलोमीटरचा. पश्चिमेला घाटघर-रतनवाडीच्या परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नव्हे. पूर्वेकडच्या तालुक्यांना त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास समाधान मानावे लागते. जामखेडच्या शाळेने घाटघर गाठायचे तर दोनशे किलोमीटरहून अधिक प्रवास. अशी सहल फार तर वर्षातून एकदा निघते. एका भेटीत झाड दिसते, त्याचे वर्ष दिसत नाही. पालवी, फूल, फळ, बी, पानगळ हा क्रम पाहायला पुन्हा पुन्हा जावे लागते, आणि पुन्हा पुन्हा जाता येते ते जवळच्या बागेतच.

शिवाय सह्याद्रीवर माणसांचा भार आधीच पुष्कळ आहे. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडावर सुटीच्या दिवशी काय होते ते सर्वांना माहीत आहे. ‘शिंदळ माकुडी’ ही महाराष्ट्राबाहेर कुठेच न आढळणारी, कड्याच्या कपारीत वाढणारी मांसल वनस्पती. तिच्या मोजक्या ठिकाणांत आपल्या अकोल्यातील रंधा धबधब्याचा परिसर येतो. ती पाहायला हजार मुले कड्यावर नेणे म्हणजे तिच्या मुळावर येणे. अशी वनस्पती कुंडीत वाढवून दाखवता येते, आणि मूळ जागा निवांत राहते. जंगलाला बाग हा पर्याय नाही हे मान्य, पण जंगलावरचा भार ती हलका करते.

मात्र पूर्वपक्षातले एक सत्य इथे स्वीकारले पाहिजे. एकाच बागेत घाटघर आणि जामखेड दोन्ही उभे करता येणार नाहीत. नगरच्या उन्हात ठिबकने पाणी पाजून घाटातली झाडे जगवण्याचा अट्टहास करू नये. तो खर्चिक तर आहेच, वर मुलांना खोटे शिकवणारा आहे.

आता चौथा, पैशाचा मुद्दा. बांधकामाला निधी मिळतो हे खरे. पण नुसती इमारत उभी राहिली की तिचे पुढे काय होते, तेही पाहू. मुंबईची राणीची बाग ही एकोणिसाव्या शतकातली वनस्पती बाग, दुर्मीळ वृक्षांचा ठेवा. तिच्या नूतनीकरणात परिसराची ओळख करून देणारे नवे केंद्र बांधले गेले. २०१६ साली सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले आणि पुढच्या वर्षी लोकांसमोर आले ते याच इमारतीच्या तळमजल्यावर. गर्दी उसळली, उत्पन्न वाढले; यात कोणाचा दोष काढत नाही. पण भोवती शंभर-दीडशे वर्षांची झाडे उभी असताना रांग लागली ती थंड केलेल्या काचेपुढे. इमारत रिकामी राहत नाही, तिला स्वतःची भूक असते. काय शिकवायचे आणि कोणी शिकवायचे हे आधी ठरले नसेल, तर तिथे जे काही गर्दी खेचेल ते येऊन बसते.

त्याच मुंबईत उलटा क्रमही घडला आहे. माहीम-धारावीजवळचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान ज्या जागेवर आहे तिथे पूर्वी शहराचा कचरा पडत असे. १९८३ साली सालिम अली यांच्या हस्ते तिथे पहिले रोप लागले आणि उद्यान लोकांना खुले झाले १९९४ साली. मधली अकरा वर्षे झाडांना दिली गेली. आज तिथे शाळांच्या सहली येतात, रोपवाटिका आहे, छपरावरचे पावसाचे पाणी साठवणारी शिक्षण केंद्राची इमारतही आहे. इमारतीला माझा विरोध नाही. ती कितव्या क्रमांकावर यावी, एवढाच वाद आहे.

आणि शिकवणार कोण? ‘तज्ज्ञ मिळत नाहीत’ ही सबब निदान नगर जिल्ह्याने तरी सांगू नये. जामखेडला १९७० मध्ये काम सुरू करून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या अल्पशिक्षित बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन आरोग्यसेविका केले, आणि हे काम पाहायला जगभरचे डॉक्टर आले. अकोल्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. गावरान वाणांचे बी त्यांनी घरात जपले, पुढे ‘बायफ’ संस्थेची साथ मिळाली, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आज शेतकरी आणि विद्यार्थी त्यांच्या दारी शिकायला येतात. तिकडे पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली होती. या तिन्ही ठिकाणी आधी माणूस उभा राहिला, मग काम, आणि भिंती त्यानंतर.

तेव्हा खंडन इथे थांबवून मंडनाकडे येतो. माझ्या मते आराखडा असा असावा.

पहिले, केंद्र एक असावे पण जागा दोन. मुख्य बाग नगर-राहुरीच्या कोरडवाहू पट्ट्यात, माळरानाच्या वनस्पतींची. तिची लहान शाखा अकोल्यात, सह्याद्रीच्या वनस्पतींची: हिरडा, कारवी, देवराईतले वृक्ष आणि रानभाज्या. बाळहिरडा गोळा करून विकणारी कुटुंबे तिथेच आहेत. हिरड्याच्या पानाच्या देठावरच्या दोन बारीक गाठी दाखवून झाड कसे ओळखायचे, हे ती कोणाही पदवीधराइतके चांगले सांगतील. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटुली यांचा तासही त्यांच्याकडेच द्यावा, आणि त्याचे रीतसर मानधन द्यावे.

दुसरे, पहिली तीन वर्षे खर्च रोपवाटिका, कुंपण, पाणी आणि माणसे यांवरच व्हावा. किमान दोन कायम माळी आणि एक वनस्पतिशास्त्र शिकलेला शिक्षक. पहिल्या आराखड्यात बांधकाम एवढेच: ऊनपावसापासून आडोसा देणारी शेड, पिण्याचे पाणी, मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, बियांची खोली आणि वाळवलेले नमुने ठेवायची कपाटे. सभागृह चौथ्या वर्षी, गरज दिसली तर.

तिसरे, अभ्यासक्रम ऋतूप्रमाणे. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हाच माळ हिरवा होतो. श्रावणात गवते आणि रानभाज्या, कार्तिक-मार्गशीर्षात बी गोळा करणे, फाल्गुनात पळस-पांगारा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. ते एका आठवड्यात उरकण्यापेक्षा त्यांतले चार दिवस चार ऋतूंत या बागेला द्यावेत.

चौथे, ज्ञानाचा पाया तयार आहे, तो वापरावा. प्रधान आणि सिंग यांनी जिल्ह्याच्या वनस्पतींची सविस्तर नोंद १९९९ सालीच ग्रंथरूपाने केली आहे. तो इंग्रजी ग्रंथ शाळेतल्या मुलाला समजेल अशा मराठीत आणणे हे केंद्राचे पहिले प्रकाशन असावे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ पासून आहे. ज्वारीची वाणे आणि भगव्या डाळिंबामागचे शास्त्र त्याने लोकांना सांगावे. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी ओळख तपासून पाट्या अचूक कराव्यात.

यावर कोणी म्हणेल, आवर्ती खर्चाची तरतूद कोण करणार? उत्तर सरळ आहे. ज्या संस्थेची दोन माळी आणि एक शिक्षक कायम पोसण्याची तयारी नाही, तिने शिक्षण केंद्राची कोनशिला बसवू नये. जिल्हा नियोजनाच्या बैठकीत हा विषय येईल तेव्हा सभागृहाच्या खुर्च्या मोजण्याआधी सदस्यांनी एकच प्रश्न विचारावा: दहा वर्षांनंतर या झाडांना पाणी घालणाऱ्या आणि मुलांना ती दाखवणाऱ्या माणसाचा पगार कोणत्या तरतुदीतून निघणार आहे? त्याचे लेखी उत्तर मिळेपर्यंत बांधकामाला मंजुरी देऊ नये.