रात्री ८ वाजता घरी पोहोचल्यावर काय शिजवायचं? पिठलं, खिचडी, उकड आणि अर्ध्या तासाचं गणित

रविवारी सकाळी खडकवासल्याच्या धरणावरून सिंहगडाकडे गाड्यांची रांग लागते. गडावर पोहोचलेल्या बहुतेकांना एकच गोष्ट हवी असते : गरम पिठलं-भाकरी, सोबत ठेचा, कांदा आणि मडक्यातलं दही. सोमवारी रात्री मात्र याच सिंहगड रस्त्यावर कामावरून परतणारी माणसं सिग्नलला थांबून फोनवर जेवण मागवत असतात. ज्या पदार्थासाठी रविवारी गड चढला जातो, तो घरी १५ मिनिटांत होतो, हे सोमवारी कुणाच्या डोक्यात येत नाही.

खडकवासला गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं. इथून स्वारगेट साधारण १५ किलोमीटरवर आहे. हिंजवडी किंवा खराडीला नोकरी असेल, तर अंतर आणखी वाढतं. खराडी-स्वारगेट-खडकवासला या मेट्रो मार्गाला मंजुरी मिळाली आहे, पण मेट्रो धावेपर्यंत प्रवास रस्त्यानेच. त्यामुळे किरकटवाडी, नांदेड फाटा, धायरी फाटा या पट्ट्यातल्या अनेक घरांत स्वयंपाकाला हात लागतो तोच रात्री आठनंतर. मग प्रश्न उरतो : दमून आल्यावर अर्ध्या तासात पोटभर, घरचं आणि ताजं जेवण कसं होईल?

वेळ नेमका कुठे जातो?

रात्रीच्या स्वयंपाकाचे चार भाग असतात : काय करायचं हे ठरवणं, निवडणं-चिरणं, शिजवणं आणि भांडी आवरणं. शिजवायला लागणारा वेळ सगळ्यांना दिसतो. पण दमलेल्या माणसाला जास्त जड जातात ते पहिले दोन भाग. फ्रिज उघडून पाच मिनिटं उभं राहायचं, मग कोथिंबिरीची जुडी निवडायची, लसूण सोलायचा, यातच वीस मिनिटं जातात.

म्हणून लवकर होणारं जेवण निवडताना तीन गोष्टी बघाव्यात. पदार्थ एकाच भांड्यात होतो का? त्याचं मुख्य सामान डब्यात कायम असतं का? आणि तो गॅसवर असताना माणूस बाजूला होऊ शकतो का? पिठलं, मुगाची खिचडी आणि उकड यातल्या बहुतेक अटी पूर्ण करतात.

पिठलं इतकं लवकर का होतं?

अख्खी डाळ शिजायची तर पाणी आणि उष्णता दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचावी लागते. त्याला वेळ लागतो. बेसन म्हणजे दळलेली हरभऱ्याची डाळ. त्याचे कण इतके बारीक असतात की पाणी लगेच आत शिरतं आणि काही मिनिटांत पीठ शिजतं.

सिंहगडासारख्या ठिकाणी हा फरक जास्त जाणवतो. समुद्रसपाटीपासून जितकं उंच जावं, तितकं पाणी कमी तापमानाला उकळतं. मुंबईत ते १०० अंश सेल्सिअसला उकळतं, पुण्यात साधारण ९८ अंशांना आणि सुमारे १,३०० मीटर उंचीच्या सिंहगडावर ९६ अंशांच्या आसपास. उघड्या पातेल्यात डाळ शिजवायची तर तिथे जास्त सरपण आणि जास्त वेळ लागतो. पिठल्याला मात्र फारसा फरक पडत नाही.

तीन माणसांसाठी प्रमाण सोपं आहे : एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी, एक मोठा कांदा, चार-पाच लसूण पाकळ्या, दोन-तीन हिरव्या मिरच्या. बेसन आधी थंड पाण्यात कालवून घ्यायचं. कढईत तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद, लसूण आणि मिरचीची फोडणी करून कांदा तीन-चार मिनिटं परतायचा. मग कालवलेलं पीठ ओतून, मीठ घालून सतत ढवळायचं. घट्ट होऊ लागलं की आच मंद करून पाच-सहा मिनिटं झाकण ठेवायचं.

पीठ थंड पाण्यात कालवण्यामागे कारण आहे. कोरडं बेसन एकदम गरम पाण्यात पडलं, तर पिठाच्या गोळ्याचं बाहेरचं आवरण लगेच शिजून चिकट होतं आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. यालाच आपण गाठी म्हणतो. सराव असलेले हात उकळत्या पाण्यात पीठ पेरत पेरत गाठी होऊ देत नाहीत. दमलेल्या रात्री मात्र कालवून घेणंच सोयीचं. आणखी एक : पिठलं ताटात येईपर्यंत घट्ट होतं, म्हणून गॅस बंद करताना ते थोडं सैलच ठेवावं.

मग भाकरीचं काय?

पिठल्याला १५ मिनिटं लागतात, पण चार भाकऱ्यांना सवय नसलेल्या हाताला अर्धा तास सहज लागतो. ज्वारीच्या पिठात गव्हासारखं ग्लुटेन नसतं. त्यामुळे पीठ ताणलं जात नाही, भाकरी थापावीच लागते आणि ती चिरतेही.

यावर दोन मार्ग आहेत. एक, पिठलं-भात. पिठल्याला हात लावण्याआधी कुकर चढवला, तर दोन्ही एकदम तयार होतात. दुसरा, पुण्यात जागोजागी असलेली पोळी-भाजी केंद्रं. तिथे पोळ्या, आणि काही ठिकाणी भाकऱ्याही, नगावर मिळतात. भाकरी विकत आणून पिठलं घरी केलं, तर ते जेवण घरचंच असतं. सगळं घरी किंवा सगळं बाहेरून, असं धरून बसायचं कारण नाही.

खिचडी : शिट्ट्या किती आणि कशासाठी?

कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १२० अंशांपर्यंत जातो. म्हणून डाळ-तांदूळ उघड्या भांड्यापेक्षा कितीतरी लवकर शिजतात. शिट्टी म्हणजे जास्तीचा दाब बाहेर पडल्याची खूण. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या भराभर होतात, पण आतला पदार्थ तेवढा वेळ शिजलेला नसतो. पहिल्या शिट्टीनंतर आच कमी करून सात-आठ मिनिटं ठेवलं, तर गॅस वाचतो आणि खिचडी खालून लागतही नाही.

प्रमाण : एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, साडेतीन ते चार वाट्या पाणी. डाळ-तांदूळ धुऊन भिजत टाकायचे आणि तेवढ्यात हातपाय धुऊन कपडे बदलायचे. कुकरमध्येच फोडणी करून कांदा, बटाटा, मटार, जे घरात असेल ते परतायचं, मग डाळ-तांदूळ आणि उकळतं पाणी घालायचं. डाळ-तांदळाला फेस येतो, म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरू नये. दाब आपोआप उतरेपर्यंत झाकण उघडायचं नाही. या दहा मिनिटांत पापड भाजून आणि काकडीची कोशिंबीर करून होते.

भाजी नाही, फक्त पीठ आहे?

*तांदळाची उकड :* एक वाटी तांदळाच्या पिठाला अडीच ते तीन वाट्या आंबटसर ताक. पीठ ताकात कालवून ठेवायचं. तेलात मोहरी, हिंग, हळद, लसूण, मिरची आणि कढीपत्त्याची फोडणी करून त्यात हे मिश्रण ओतायचं आणि ढवळत राहायचं. घट्ट झाली की पाच मिनिटं वाफ काढायची. वरून कच्चं तेल घेऊन गरमच खायची. एकूण वेळ १५ मिनिटं, आणि चिरायचं जवळपास काहीच नाही.

*थालीपीठ :* भाजणी डब्यात असेल, तर कांदा, तिखट, मीठ घालून भिजवायला पाच मिनिटं पुरतात. पण एकेक थालीपीठ तव्यावर चार-पाच मिनिटं घेतं. दोघांसाठी हा लवकर होणारा पदार्थ आहे. पाच जणांच्या घरात करणारा तव्यापाशी अडकून पडतो.

*दडपे पोहे :* पातळ पोहे, बारीक चिरलेला कांदा, ओलं खोबरं, लिंबू, मीठ आणि वरून फोडणी. दहा मिनिटं दडपून ठेवले की तयार. गॅस फक्त फोडणीपुरता लागतो, त्यामुळे उन्हाळ्यातल्या रात्री हे सोयीचे.

उरलेला भात फोडणीला टाकावा का?

टाकावा, पण तो कसा ठेवला होता हे बघून. कच्च्या तांदळात बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजवल्यावरही टिकतात. भात तासन् तास ओट्यावर राहिला, तर हे जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात. उलटी करवणारं हे विष भात पुन्हा गरम केल्यावरही नष्ट होत नाही. म्हणजे झणझणीत फोडणी दिली की शिळा भात सुरक्षित होतो, हा समज चुकीचा आहे.

शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सकाळी सात वाजता केलेला भात रात्री नऊपर्यंत ओट्यावर राहिला असेल, तर तो टाकून देणंच योग्य. रात्रीचा भात उद्यासाठी हवा असेल, तर जेवण झाल्यावर पसरट डब्यात काढून लवकर निववावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी चांगला वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा.

पोळी भातापेक्षा कोरडी असते, त्यामुळे ती इतक्या लवकर खराब होत नाही. सकाळच्या पोळ्या उरल्या असतील, तर कुस्करून कांदा-मिरचीच्या फोडणीवर परतल्या की फोडणीची पोळी होते. सोबत वाटीभर दही किंवा दोन अंड्यांची भुर्जी असली, की जेवण पूर्ण होतं.

पाच रात्रींचं साधं वेळापत्रक

रोज ठरवण्याचा त्रास वाचवायचा असेल, तर वार ठरवून टाकावेत.

- सोमवार : पिठलं-भात, कांदा (२५ मिनिटं)
- मंगळवार : मोड आलेल्या मुगाची उसळ, केंद्रातून आणलेल्या पोळ्या (२० मिनिटं)
- बुधवार : मुगाची खिचडी, कोशिंबीर (३५ मिनिटं, त्यातली १५ मोकळी)
- गुरुवार : अंडा भुर्जी किंवा पनीर भुर्जी, पोळी किंवा पाव (१५ मिनिटं)
- शुक्रवार : उकड किंवा दडपे पोहे (१५ ते २० मिनिटं)

या यादीत रोज एक तरी प्रथिनांचा पदार्थ यावा, हे बघावं. बेसन, मूग, अंडी, पनीर, दही यातलं काहीही चालतं. शुक्रवारच्या उकडीत ताक आहेच, दडप्या पोह्यांवर मूठभर भाजलेले शेंगदाणे घालता येतात.

रविवारी तासभर काय करून ठेवावं?

लसूण सोलून आल्याबरोबर वाटून ठेवावा. कोथिंबीर निवडून, कोरडी करून कागदात गुंडाळून डब्यात ठेवावी. दाण्याचं कूट करून ठेवावं. कांदा-खोबऱ्याचं वाटण फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगलं राहतं. जास्त दिवस हवं असेल, तर छोटे भाग करून फ्रीझरमध्ये टाकावेत. शनिवारी रात्री मूग भिजत घालून रविवारी सकाळी फडक्यात बांधले, की सोमवारपर्यंत मोड येतात. मग ते फ्रिजमध्ये ठेवावेत. कांदा मात्र आधी चिरून ठेवू नये, त्याचा वास सगळ्या फ्रिजला लागतो.

हे सगळं करायचं कुणी?

झटपट जेवणाच्या चर्चेत हा प्रश्न बहुतेकदा सुटून जातो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, देशात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या महिला त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. ही कामं करणारे पुरुष ८८ मिनिटं देतात. यात स्वयंपाकासोबत झाडलोट, धुणं-भांडी अशी कामंही येतात. शिवाय ८८ मिनिटांचा हा आकडा फक्त काम करणाऱ्या पुरुषांचा आहे. २०१९ च्या सर्वेक्षणात दिवसभरात अशा कोणत्याही कामाला हात लावणारे पुरुष केवळ २६ टक्के होते.

दोघंही एकाच रस्त्यावरून, एकाच गर्दीतून दमून घरी येत असतील, तर १५ मिनिटांची पाककृती एकाच व्यक्तीची दमणूक थोडी कमी करते, एवढंच. एकानं कुकर चढवला आणि दुसऱ्यानं कांदा चिरला, तर पिठलं-भात २५ मिनिटांऐवजी २० मिनिटांत ताटात येतो. पिठलं, खिचडी आणि उकड यांना सुगरणीचा हात लागत नाही. एक वाटी पिठाला तीन वाट्या पाणी, एवढं प्रमाण लक्षात ठेवलं, तर घरातला कुणीही सोमवारी पिठलं करू शकतो. वेळापत्रक फ्रिजवर चिकटवताना पदार्थापुढे करणाऱ्याचं नावही लिहावं. नंतर कढई घासणाऱ्याचंही.