आभाळातली शाळा

मास्तरकी एकदा अंगी मुरली, की ती माणसाला सहसा सोडत नाही. पुढे त्याने दुकान घातले काय, नि पुढारीपण केले काय! पण हातचा खडू ठेवून एका शिक्षिकेने विमान चालवायला घेतले आणि तिथेही शाळाच मांडली, ही हकिकत काही न्यारीच आहे.

विला ब्राउनचा जन्म १९०६ सालचा, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातला. शिक्षण पुरे होताच ती इंडियाना राज्यातील गॅरी या गावी हायस्कुलात शिकवू लागली. बाई कृष्णवर्णीय. गोऱ्यांच्या पंक्तीला बसायचीही जिथे चोरी, तिथे विमानाची गोष्ट कोण काढणार? १९२५ साली लष्करी महाविद्यालयाच्या एका अहवालाने तर ही माणसे बुद्धीने नि धैर्याने उणी, असे ठरवूनच टाकले होते!

विला पुढे शिकागोस आली आणि १९३४ साली कॉर्नेलियस कॉफी या कृष्णवर्णीय वैमानिकापाशी उड्डाणाचे धडे घेऊ लागली. एंजिनदुरुस्तीही शिकली. १९३६ साली विमानांच्या कसरतींची जाहिरात व्हावी म्हणून ती ‘शिकागो डिफेंडर’ या वृत्तपत्राच्या कचेरीत शिरली. अंगात घोडेस्वाराची पांढरी तुमान, जाकीट, पायांत बूट. तिला पाहताच टाइपरायटरांची टकटक थांबली, अशी आठवण संपादक इनॉक वॉटर्स यांनी पुढे लिहून ठेवली आहे.

१९३८ साली तिला परवाना मिळाला. लगोलग कॉफींबरोबर तिने शिकागोजवळच्या हार्लेम विमानतळावर उड्डाणविद्यालय चालविले. शिकाऊ विमानात गुरू नि शिष्य दोघांपुढेही दांडा असतो. एक हलला की दुसरा हलतो. शिष्य चुकला तर सावरायचे, पण सारखे सावरत राहिले तर तो शिकणार कधी? आपला हात केव्हा काढून घ्यावा, हे ज्याला कळले तो खरा गुरू. मग एके दिवशी शिष्याला एकट्यालाच वर धाडायचे, नि आपण खाली मान वर करून उभे राहायचे!

या शाळेने सुमारे २०० विद्यार्थी तयार केले. त्यांतले काही दुसऱ्या महायुद्धात टस्कीगीच्या प्रसिद्ध कृष्णवर्णीय वैमानिकांत सामील झाले. अहवालाला उत्तर मिळाले, ते कागदावर नव्हे, आभाळात.

आणि बाई? १९६२ साली त्या पुन्हा शिकागोच्या शाळेत शिकवू लागल्या. १९७१ साली निवृत्त झाल्या. १९९२ साली त्यांनी देह ठेवला. पेशा बदलला म्हणावे, तर बदलला. पण मास्तरकी काही सुटली नाही.