राणीच्या बागेचे दार

रविवारी सकाळी दिव्याहून भायखळ्याला जाणाऱ्या लोकलमध्ये पोरांना घेऊन निघालेली कुटुंबे हमखास भेटतात. कुठे निघालात, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : राणीच्या बागेत. पोरांना वाघ आणि पेंग्विन पाहायचे असतात. पण ही बाग मुळात झाडांची. प्राणिसंग्रहालय तिच्यात मागाहून आले. दिव्यावरून जाणारा कल्याणचा लोहमार्ग १८५४ मध्ये सुरू झाला आणि बाग १८६२ मध्ये उघडली. म्हणजे आमच्या खाडीकाठाहून तिथे जाण्याची वाट बागेपेक्षा जुनी आहे.

त्या काळातल्या मुंबई इलाख्यातल्या तीन बागांची हकिगत एकत्र वाचली, तर एक प्रश्न पडतो. दोन बागा गेल्या आणि एकच राहिली, ती का?

पहिली दापोडीची. पुण्याजवळच्या या गावी १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी वनस्पती उद्यान सुरू केले. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिथले अधीक्षक होते. इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले ते हेच. औषधी वनस्पती वाढवून सरकारी औषधभांडारांना पुरवठा करणे आणि परदेशी झाडे इथल्या मातीत रुजवून पाहणे, हे बागेचे काम. गिब्सन यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून तिथल्या वनस्पतींची सुरेख चित्रे काढून घेतली. १८६५ च्या सुमारास सरकारने बाग मोडली. चित्रे मात्र एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये सुखरूप आहेत. त्या उद्यानात फिरायला आजही पैसे पडत नाहीत.

दुसरी शिवडीची. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने ती वाढवली होती. मुंबईची वस्ती फुगली, दफनासाठी जागा हवी झाली आणि म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात, १८६५ च्याच सुमारास, त्या जागेचे ख्रिस्ती कबरस्तान झाले.

तिसरी भायखळ्याची. त्याच संस्थेच्या नव्या बागेचे उद्घाटन १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते झाले. नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. १८७२ मध्ये आवारात वस्तुसंग्रहालय उघडले. आज त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे आली. पुढे तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाले, तरी लोकांच्या तोंडी ‘राणीची बाग’च राहिले.

माझ्या मते या तीन हकिगतींतला फरक लोकांच्या वहिवाटीचा आहे. दापोडीची बाग सरकारच्या कामाची होती. गरज सरली, बाग सरली. शिवडीची संस्थेची होती. शहराला जागा हवी झाली आणि ती गेली. भायखळ्याच्या बागेची चालक संस्थाही टिकली नाही, पण तोवर गिरणगावाला सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन झाडाखाली बसायची सवय लागू लागली होती. अशी सवय सहज मोडता येत नाही.

याचा पडताळा अलीकडेच आला. २००७ मध्ये बागेच्या पुनर्विकासाचा मोठा आराखडा पुढे आला आणि जुन्या झाडांचे काय होणार, ही चिंता उभी राहिली. नागरिकांनी ‘सेव्ह राणीबाग’ मोहीम चालवली, झाडे मोजली, त्यांची नावे नोंदवली. ३,२१३ झाडे आणि २८६ प्रजाती हा आकडा त्या वादात पुन्हा पुन्हा मांडला गेला. मूळ आराखडा तसाच अमलात आला नाही. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच, ब्रह्मदेशातली उर्वशी, दक्षिण अमेरिकेतला कैलासपती यांच्या बाजूने उभे राहिले ते त्यांच्या सावलीत वाढलेले लोक.

म्हणूनच दाराचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. १ ऑगस्ट २०१७ रोजी प्रौढांचे तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झाले. चौघांच्या कुटुंबाला १०० रुपयांचे सवलतीचे तिकीट आहे, हे खरे. प्राण्यांच्या देखभालीला पैसा लागतो, हेही खरे. पण दिव्याहून एकट्याने यायचे, तर लोकलच्या भाड्यापेक्षा बागेचे तिकीट महाग. ज्याला पेंग्विन नकोत, नुसते उर्वशीखाली तासभर बसायचे आहे, त्यालाही तेवढेच पैसे. आमच्याकडे इमारती दाटीने वाढल्या, सावलीत बसावे असे झाड शोधावे लागते. ज्याला अशा तासाची सर्वांत जास्त गरज, तोच दारात खिसा चाचपतो.

प्राण्यांसाठी वेगळे तिकीट ठेवून झाडांचा भाग मोकळा करता येईल का, याचा विचार व्हायला हवा. ही कुणावर मेहेरबानी नव्हे, बागेच्या हिताचीच गोष्ट आहे. पुढचा आराखडा येईल तेव्हा झाडे मोजायला माणसे लागतील, आणि ती बागेत फिरूनच तयार होतात.