मान्यता नसलेली शाळा आणि नऊ विरुद्ध शून्य

९ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक आटोपशीर निकाल दिला. खटल्याचे नाव ‘फ्लोरेन्स काउंटी स्कूल डिस्ट्रिक्ट फोर विरुद्ध कार्टर’. वादाचा विषय होता एका मुलीची तीन वर्षांची शाळेची फी. नऊही न्यायमूर्तींचे एकमत झाले. युक्तिवाद ६ ऑक्टोबरला झाला आणि अवघ्या ३४ दिवसांत निकाल हाती आला. या न्यायालयाची एरवीची गती पाहता हा वेग विलक्षण म्हणावा लागेल.

या फीच्या वादामागे मात्र शतकभराचा इतिहास उभा आहे. आजच्या धाग्यात तो पाहू.

काही मुले बुद्धीने तल्लख असूनही त्यांना वाचता का येत नाही, हा प्रश्न वैद्यकशास्त्राने प्रथम विचारला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार होता, दृष्टी निर्दोष होती, पण छापील शब्द त्याला जणू परके होते. या अवस्थेला तेव्हा ‘जन्मजात शब्दांधता’ म्हणत. ग्लासगोचे नेत्रतज्ज्ञ जेम्स हिन्शेलवुड यांनी याच विषयावर १९१७ मध्ये एक ग्रंथ लिहिला. दोष डोळ्यांत नाही, हे सांगायला डोळ्यांचाच डॉक्टर पुढे यावा, हा योग मोठा गमतीचा आहे.

खरे वळण आले ते १९२५ मध्ये. आयोवा राज्यातील मनोविकारतज्ज्ञ सॅम्युअल ऑर्टन यांनी ग्रामीण भागात फिरते तपासणी केंद्र भरवले आणि शिक्षकांना आवाहन केले की, अभ्यासात मागे पडलेली मुले आमच्याकडे पाठवा. आलेल्यांत सोळा वर्षांचा एक मुलगा होता. त्याला जवळपास वाचताच येत नव्हते. बुद्धिमापन चाचणीत त्याचा गुणांक ७१ भरला. म्हणजे कागदोपत्री तो ‘मंदबुद्धी’ ठरत होता. परंतु यंत्रे कशी चालतात याविषयीची त्याची समज पाहून ऑर्टन थबकले. चाचणी या मुलाला न्याय देत नाही, असे त्यांनी स्पष्टपणे नोंदवले. अक्षरे उलटसुलट दिसण्या-लिहिण्याच्या या प्रकाराला त्यांनी ग्रीक धातूंवरून ‘स्ट्रेफोसिम्बोलिया’ असे नाव घडवले; ‘वळलेली चिन्हे’ असा त्याचा अर्थ. नाव टिकले नाही. त्यांच्या मेंदूविषयक उपपत्तीतही बरेच काही पुढे त्याज्य ठरले. मात्र शिकवण्याविषयीची त्यांची दृष्टी टिकली.

ती पद्धतीत बांधली अॅना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन या दोन शिक्षिकांनी. अख्खा शब्द डोळ्यांसमोर धरून तो पाठ करवून घेण्याऐवजी एक ध्वनी, एक अक्षर असे सुटे घ्यायचे. मुलाने ते पाहायचे, उच्चारायचे, ऐकायचे आणि त्याच वेळी हाताने गिरवायचे. एक पायरी पक्की झाल्याखेरीज दुसरी नाही. आपल्याकडे धुळपाटीवर बोटाने अक्षर गिरवताना त्याचा उच्चार करवून घेण्याची जुनी रीत होती, तिच्या जवळ जाणारीच ही गोष्ट. फरक इतकाच की इथे इंग्रजीच्या बेभरवशी वर्णलेखनाचे नियम एकामागून एक उकलून दाखवले जात. ही ‘ऑर्टन–गिलिंगहॅम’ पद्धत.

या पद्धतीला वेळ लागतो, प्रशिक्षित शिक्षक लागतो आणि एका शिक्षकामागे मोजकीच मुले लागतात. सरकारी शाळांच्या तीस-तीस मुलांच्या वर्गांत हे जमणे अवघड होते. म्हणून ती रुजली छोट्या खासगी शाळांत. न्यूयॉर्क राज्यात पीटर गौ यांनी १९२६ मध्ये काढलेली गौ स्कूल ही यांतली आद्य शाळा. पुढे १९६७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कॅरोल स्कूल आली, १९७१ मध्ये तिथेच लँडमार्क स्कूल आली. डायना हॅनबरी किंग या शिक्षिकेने १९५५ मध्ये अशा मुलांसाठी ‘डनबेक’ नावाचे उन्हाळी शिबिर सुरू केले आणि १९६९ मध्ये किल्डोनन स्कूल काढली. हे नाव लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

या शाळांची फी भरमसाट असे. साहजिकच, पैसेवाल्यांची मुले ‘डिस्लेक्सिक’ ठरत आणि गरिबांची मुले ‘ढ’.

१९७५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला. २९ नोव्हेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यावर स्वाक्षरी केली. प्रत्येक अपंग मुलाला ‘मोफत व योग्य सार्वजनिक शिक्षण’ मिळेल, त्यासाठी शाळा पालकांसह बसून त्या मुलापुरता स्वतंत्र शैक्षणिक आराखडा तयार करील, असे त्यात म्हटले होते. अध्ययन अक्षमता असलेली मुलेही या कायद्याच्या कक्षेत आली. ‘मोफत’ या शब्दाचा अर्थ सर्वांना कळत होता. भांडण लागले ते ‘योग्य’ या शब्दावरून. आराखडा योग्य आहे असे शाळा म्हणते, नाही असे पालक म्हणतात. निवाडा व्हायला वर्षे लागतात. तोवर मुलाने काय करायचे? बालपण काही न्यायालयाच्या तारखांसाठी थांबून राहत नाही.

हा पेच पहिल्यांदा सर्वोच्च न्यायालयात गेला तो मॅसॅच्युसेट्समधील बर्लिंग्टन या गावातून. तिथल्या एका पालकाने १९७९ मध्ये गावाचा आराखडा नाकारून मुलाला स्वखर्चाने कॅरोल स्कूलमध्ये घातले. २९ एप्रिल १९८५ रोजी न्यायालयाने एकमताने सांगितले की, सरकारी आराखडा अयोग्य आणि पालकांनी निवडलेली शाळा योग्य ठरली, तर न्यायालय फीची भरपाई देववू शकते. सोबत इशाराही होता: पालक असे पाऊल उचलतात ते स्वतःच्या आर्थिक जोखमीवर. खटला हरलात, तर पैसे गेले.

आता कॅरोल स्कूल ही राज्याची मान्यता असलेली शाळा होती. मान्यता नसलेली असती तर? हा प्रश्न बर्लिंग्टनमध्ये उद्भवलाच नाही. तो उद्भवला दक्षिण कॅरोलिनामध्ये, आणि तोही त्याच वर्षी.

१९८५ मध्ये फ्लोरेन्स काउंटीतील एका सरकारी शाळेत नववीतल्या मुलीला अध्ययन अक्षमता असल्याचे निदान झाले. याआधीही तिची तपासणी झाली होती. तेव्हा ती केवळ संथ शिकणारी आहे, तिने अधिक मेहनत घ्यावी, असा सल्ला घरी मिळाला होता. यंदा शाळेने आराखडा बनवला: मुलगी नेहमीच्याच वर्गात बसेल, आठवड्यातून तीन तासिका स्वतंत्र शिकवणी मिळेल. वर्षभराचे उद्दिष्ट लिहिले होते की, वाचनाची पातळी ५.४ वरून ५.८ वर जावी आणि गणिताची ६.४ वरून ६.८ वर.

हे आकडे उलगडून पाहायला हवेत, कारण खटल्याचा जीव त्यांतच आहे. ५.४ म्हणजे पाचवी इयत्ता, चौथा महिना. दहावीच्या उंबरठ्यावरची मुलगी पाचवीच्या पातळीवर वाचत होती आणि पूर्ण शालेय वर्षात तिने चार महिन्यांएवढी प्रगती करावी, अशी शाळेची अपेक्षा होती. हा आराखडा तंतोतंत यशस्वी झाला असता, तरी बारावी संपताना ती सहावीच्या मध्यावर पोहोचली असती. म्हणजे योजना सफल झाली असती आणि मुलगी वर्गापासून आणखी दूर गेली असती. कागद इतका सरळ बोलत असताना स्थानिक सुनावणी अधिकारी आणि राज्याचे पुनरीक्षण अधिकारी, दोघांनीही तो आराखडा पुरेसा मानला!

पालकांनी सप्टेंबर १९८५ मध्ये मुलीला ट्रायडेंट अॅकॅडमी या अशाच मुलांसाठीच्या खासगी शाळेत घातले. १९८८ च्या वसंतात ती तिथून पदवी घेऊन बाहेर पडली. मधल्या काळात, जुलै १९८६ मध्ये पालकांनी संघीय न्यायालयात दावा लावला होता. न्यायालयाने स्वतः नेमलेल्या तज्ज्ञाला आढळले की, तीन वर्षांत तिचे वाचनाचे आकलन तीन इयत्तांनी वर गेले होते. सरकारी आराखडा ‘सर्वथा अपुरा’ ठरला आणि ३५ हजार डॉलरांहून अधिक रक्कम व्याजासह पालकांना द्यावी, असा आदेश झाला. अपील न्यायालयानेही तो कायम केला.

शाळा मंडळाने माघार घेतली नाही. त्यांचा मुद्दा वरकरणी बिनतोड होता. कायद्यातील व्याख्येनुसार ‘योग्य शिक्षण’ हे राज्याच्या निकषांनुसार आणि अधिकृत आराखड्याबरहुकूम असावे लागते. ट्रायडेंटला राज्याची मान्यता नव्हती, तिथे तसा आराखडा तयार होत नसे, आणि तिच्या दोन शिक्षकांकडे राज्याचे प्रमाणपत्र नव्हते. दुसऱ्या एका अपील न्यायालयाचे मतही असेच होते. त्यामुळे देशात एकाच कायद्याचे दोन अर्थ चालू होते.

सर्वोच्च न्यायालयात मुलीची बाजू मांडायला उभे राहिले व्हर्जिनियाचे वकील पीटर राइट. त्यांच्या बालपणाकडे पाहिले की ही निवड निव्वळ योगायोगाची वाटत नाही. राइट स्वतः डिस्लेक्सिक. दुसरीत असताना त्यांना ऑर्टन–गिलिंगहॅम पद्धतीची खासगी शिकवणी मिळाली आणि त्यांना अक्षरओळख करून देणारी पहिली शिक्षिका होती डायना हॅनबरी किंग! तिच्या डनबेक शिबिरातही ते उन्हाळ्यात राहिले होते. ज्याला वाचायला शिकवण्यासाठी घरच्यांना शाळेबाहेरची वाट धरावी लागली, तोच आता त्या वाटेचा खर्च कोणी सोसायचा हे सर्वोच्च न्यायालयापुढे मांडत होता.

निकाल लिहिला सँड्रा डे ओ’कॉनर यांनी. तर्क साधा आहे. कायद्यातील त्या अटी सरकारी यंत्रणेने करायच्या शिक्षणासाठी आहेत. यंत्रणा चुकली म्हणूनच पालक बाहेर पडतात; मग त्याच यंत्रणेच्या संमतीची अट त्यांच्यावर लादणे म्हणजे कायद्याचा हेतूच उधळून लावणे. शिवाय दक्षिण कॅरोलिना राज्य मान्यताप्राप्त खासगी शाळांची यादी लोकांसाठी ठेवतच नव्हते. मान्यता प्रकरणागणिक दिली जाई. तेव्हा पालकांनी शोधायचे तरी कुठे? मंडळाने खर्चाच्या ओझ्याची तक्रार केली होती. त्यावर ओ’कॉनर यांचे उत्तर असे: हा खर्च टाळायचे दोन मार्ग मंडळापुढे खुले आहेत, स्वतः योग्य शिक्षण द्या, किंवा राज्याच्या पसंतीच्या योग्य खासगी शाळेत मुलाला पाठवा. फी अवाजवी वाटल्यास न्यायालय भरपाई कमी करू शकते, हेही त्यांनी नमूद केले.

कुठल्याही चळवळीच्या घोषणा नसलेला, हिशेबी भाषेतला हा निकाल. तरी त्याने छोट्या, चाकोरीबाहेरच्या शाळांना एक वेगळेच स्थान दिले. शाळेची पारख तिच्या प्रमाणपत्रांवरून नव्हे, तर मूल तिथे खरोखर शिकले का यावरून होऊ लागली. याला दुसरी बाजूही आहे, आणि ती दडवण्यात अर्थ नाही: मान्यतेची अट सैल झाली की देखरेखही सैल होते.

पुढचा इतिहास चढउतारांचा आहे. १९९७ मध्ये काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती केली: मुलाला काढण्यापूर्वी पालकांनी हरकत कळवली नाही, त्यासाठी शाळेला कामकाजाच्या दहा दिवसांची लेखी पूर्वसूचना दिली नाही, तर भरपाई कमी होऊ शकते किंवा नाकारलीही जाऊ शकते. २००५ मध्ये न्यायालयाने ठरवले की, आराखड्याला आव्हान देणाऱ्यानेच तो अयोग्य असल्याचे सिद्ध करायचे. व्यवहारात हे ओझे बहुधा पालकांवरच येते. हा निकालही ओ’कॉनर यांचाच. पाठोपाठ २००६ मध्ये पालकांना तज्ज्ञांच्या शुल्काची भरपाई नाकारली गेली. तज्ज्ञाखेरीज सिद्ध करता येत नाही आणि तज्ज्ञ परवडत नाही, अशी ही कोंडी. शिवाय फी आधी खिशातून भरावी लागते, ही १९८५ ची अट आजही तशीच आहे. फ्लोरेन्समधील त्या कुटुंबाला पहिली फी भरल्यापासून अंतिम निकालापर्यंत आठ वर्षे वाट पाहावी लागली.

हॅनबरी किंग २०१८ मध्ये निवर्तल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी उभारलेली किल्डोनन स्कूल बंद झाली. गौ स्कूलने मात्र शंभरी गाठली आहे.