उंबऱ्याबाहेरचा खराटा

लक्ष्मीपूजनाला महाराष्ट्रात घरोघरी नवी केरसुणी आणतात, तिला हळदकुंकू वाहतात. एरवीही तिला पाय लागला तर नमस्कार करतात. खराट्याच्या वाट्याला हा मान आला नाही. कोकणात नारळाच्या झावळीचे हीर काढून, तर तूर पिकते तिथे तुराट्या बांधून तो करतात. अंगण, गोठा, खळे आणि रस्ता एवढी त्याची हद्द. शिंदीच्या पानांची मऊ केरसुणी सारवलेल्या घरात चालते, खडबडीत मातीवर टिकत नाही, म्हणून साधने दोन झाली. मानातला फरकही याच उपयोगातून आला, असे कोणी म्हणेल. पण खळ्यावर हे उत्तर तोकडे पडते. मळणीच्या वेळी विखुरलेले दाणे शेतकरी खराट्यानेच लोटून राशीला लावी आणि मग त्या राशीची पूजा करी. तिथे खराटा धरण्यात त्याला कमीपणा वाटत नसे. म्हणजे कमीपणा साधनात नव्हता. दुसऱ्याची घाण जन्माने लादलेले काम म्हणून काढावी लागण्यात होता.

गावगाड्यातली कामाची वाटणी हेच सांगते. चावडी झाडणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे महारांवर लादलेली होती. केरसुण्या बांधत मातंग. त्यांच्या हातची केरसुणी देवघरापर्यंत जाई आणि ती बांधणारा उंबऱ्याबाहेर उभा राही. वस्तू पवित्र मानली म्हणून कारागिराला मान मिळतो, हा समज इथेच खोटा ठरतो. पेशव्यांच्या पुण्यात तर अस्पृश्यांना स्वतःची पावले पुसण्यासाठी कमरेला झाडू बांधावा लागे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेवरील आपल्या प्रसिद्ध लिखित भाषणात नोंदवले आहे.

या पार्श्वभूमीवर गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) वेगळेपण कळते. गावात शिरताच ते खराटा घेऊन रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनातून अस्पृश्यता, कर्ज, दारू यांवर कोरडे ओढत. त्यांनी सक्तीचे काम स्वेच्छेने केले आणि गावकऱ्यांनाही करायला लावले. यावर आक्षेप असा की, त्यामुळे संताला मान मिळाला, सफाई कामगार होता तिथेच राहिला. आक्षेपात तथ्य आहे. २०००-०१ पासून बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालले, गावे झाडली गेली, बक्षिसे मिळाली. पण शहरांत पहाटे रस्ते झाडणाऱ्यांत आजही दलितच जास्त आहेत. मात्र हा दोष बाबांच्या उदाहरणाचा नाही, त्याचा अर्धाच भाग उचलणाऱ्यांचा आहे. त्यांच्या कीर्तनाला वगळून नुसता खराटा घेतला की उरतो तो छायाचित्रापुरता सोहळा. रस्ता झाडणाऱ्याला कायम नोकरी, वेळेवर पगार, हातमोजे आणि कंबर न वाकवता चालवता येईल असा लांब दांड्याचा झाडू द्या. खराट्याला मान देण्याची तीच रीत आहे.